बॅटऱ्यांचा मुक्काम

माझे मामा बॅटऱ्या चार्ज करतात. मी आज जो कोणी आहे तो त्यांच्यामुळे आहे, हे सुरुवातीलाच लिहून टाकतो, म्हणजे पुढे बॅटऱ्यांबद्दल मोकळेपणाने लिहिता येईल.

आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच होती. आठवीला मला तालुक्याच्या गावी मामांकडे ठेवलं. बारावीपर्यंतची पाच वर्षं मी त्यांच्याच घरी राहिलो. इंजिनियरिंगला नंबर लागला तेव्हा माझ्या वडिलांच्या आधी मामांनी पेढे वाटले. वडिलांकडची आणि आईकडची, दोन्ही घरं धरली तरी पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. मामा स्वतः चौथी शिकलेले. वर्तमानपत्र वाचतात, पण एकेका शब्दावर बोट ठेवून, आणि जोडाक्षर आलं की बोट जरा थांबतं.

दुकान घराच्या पुढच्याच खोलीत, हायवेला लागून. पत्र्याच्या पाटीवर ‘बॅटरी चार्जिंग’ एवढंच वाचता यायचं, खालची ओळ उन्हाने खाल्ली होती. ट्रॅक्टर, जीप, बँडवाल्यांच्या गाड्या, सगळ्यांच्या बॅटऱ्या यायच्या. पण दुकानाला खरी शोभा यायची पावसाळ्यात. पेरण्या आटोपल्या की आमच्याकडचे बरेच ट्रॅक्टर दसऱ्यापर्यंत नुसते उभे असत. शहाणे मालक ट्रॅक्टर उभा केला की लगेच बॅटरी सोडवून मामांकडे आणून ठेवत. मामा त्याला ‘मुक्कामाला आल्या’ म्हणायचे. मागच्या भिंतीला लाकडी फळ्या ठोकलेल्या होत्या. मुक्कामाची प्रत्येक बॅटरी आधी खायचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने पुसायची, कोरडी करायची, मग फळीवर ठेवून अंगावर खडूने गावाचं नाव आणि चार्ज केल्याची तारीख लिहायची. महिना झाला की तारीख पुसून पुन्हा सावकाश चार्ज, पुन्हा नवी तारीख. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळ्यांना झेंडूची एकेक माळ घालून मामा त्यांची पाठवणी करायचे.

हे सगळं मी पाच वर्षं बघितलं. फक्त बघितलं. कारण घरात एक नियम होता: भाच्याने बॅटरीला हात लावायचा नाही. मामांचा कुठलाही शर्ट उजेडासमोर धरला की चाळण दिसायची. ॲसिडचा बारीक थेंब उडतो, तेव्हा काहीच कळत नाही. मामी म्हणायच्या, भोक अंगावर दिसत नाही, धुण्यात दिसतं. माझ्याकडे शाळेचे शर्ट दोन, त्यामुळे मी दुकानात पाऊल टाकलं की मामा नुसते हाताने मागे हो अशी खूण करायचे. एकदा मी एक झाकण फिरवायला गेलो तेव्हा म्हणाले, “तू पुस्तकाला हात लाव. याला मी हाय.”

थोडक्यात, पाच वर्षं बॅटऱ्यांच्या शेजारी अभ्यास करूनही मी एकाही बॅटरीला बोट लावलं नाही. पुढे इलेक्ट्रिकलची पदवी घेतली, अमेरिकेत येऊन दुसरी पदवी घेतली, ओहायोतल्या डब्लिनला नोकरीला लागलो. तोवर बॅटरीबद्दलची सगळी समीकरणं मला तोंडपाठ झाली होती.

डब्लिनमधल्या आमच्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये मराठी घरं बरीच आहेत. डिसेंबरात शाळांना सुट्टी लागली की त्यातली निम्मी भारतात जातात, पाच-सहा आठवडे. मागे राहतात त्यांच्या गाड्या. त्या ओळखायला नंबरप्लेट बघावी लागत नाही. पुढच्या काचेवर बर्फ धरू नये म्हणून बासमतीची रिकामी पोती उलगडून वायपरखाली खोचलेली असतात. आमच्या पार्किंगमध्ये जानेवारीत फिरलं की कुठल्या घरात कोणता तांदूळ शिजतो ते समजतं.

एका वर्षी गणपतीच्या जेवणात विषय निघाला, की गेल्या जानेवारीत भारतातून परत आल्यावर कोणाकोणाची गाडी चालू झाली नाही. सगळ्यांनी आपापली कहाणी सांगितली. मी सहज म्हणालो, माझे मामा बॅटरीवालेच आहेत. एवढं पुरे झालं. खालच्या मजल्यावर राहणारा माझा नागपूरचा मित्र ताटावरून उठून म्हणाला, “अबे, घरात एक्सपर्ट बसला आहे अन् आपण टोइंगवाल्याला फोन करून राहिलो यार.” मी एकदा ‘तसं काही नाही’ म्हणालो. दुसऱ्यांदा म्हणालो नाही. मामांच्या नावाने मिळालेला मान कोणाला नको असतो?

त्या डिसेंबरात आमच्या स्वयंपाकघरात पाच किल्ल्या टांगल्या गेल्या. आमच्या व्हिसाचे कागद नूतनीकरणाला गेले होते, त्यामुळे आम्ही इथेच होतो. बायको म्हणाली, “चहाच्या गाळणीला एक हूक लाव म्हणून दोन वर्षं सांगतेय, आणि गावाच्या किल्ल्यांना पाच हूक एका संध्याकाळी.” गाळणी त्याच रांगेत सहावी लागली, पण श्रेय मिळालं नाही.

पाचवी किल्ली काकूंची होती.

काकू आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये एकट्या राहतात. नातवंडं सांभाळायला म्हणून आल्या होत्या. मग मुलाची नोकरी क्लीव्हलंडला गेली, तो कुटुंबासकट तिकडे गेला, काकू मात्र इथेच राहिल्या. एका डेकेअरच्या स्वयंपाकघरात त्यांना काम मिळालं होतं आणि ते त्यांना सोडायचं नव्हतं. कामावर जायला बस नाही. म्हणून अठ्ठावन्नाव्या वर्षी त्या गाडी शिकल्या. तिसऱ्या प्रयत्नात लायसन्स मिळालं तेव्हा कॉम्प्लेक्समधल्या प्रत्येक घरी नारळाची वडी आली होती. गाडी जुनी, मातकट रंगाची, चौदा-पंधरा वर्षांची. काकू तिला अशी धुतात की आमच्या नव्या गाड्या ओशाळतात.

मुलाला ही गाडी डोळ्यांसमोर नको होती. त्याचं म्हणणं चुकीचं होतं असंही नाही. आई वयाने साठीकडे आलेली, रस्त्यावर बर्फ, आणि तो अडीच तास लांब. आईने आपल्याकडे यावं, ही गाडी विकावी, असं तो दर महिन्याला म्हणायचा. त्या डिसेंबरात काकू सहा वर्षांनी भारतात निघाल्या, बहिणीला भेटायला. किल्ली देताना त्यांनी मला दारातच सगळं सांगितलं.

“तो म्हणालाय, परत आल्यावर गाडी एका झटक्यात चालू झाली तर ठेव. नाही झाली तर भंगारात देऊ आणि तू सामान बांध. मी हो म्हटलंय.”

“काकू, तुम्ही हो का म्हणालात?”

“तू आहेस ना,” त्या म्हणाल्या. किल्लीला क्रोशाचा छोटा पोपट बांधलेला होता.

माझी पद्धत अशी होती. रोज सकाळी ऑफिसच्या आधी पाची गाड्या पाळीपाळीने पाच-पाच मिनिटं चालू करायच्या. थंडीत बसून राहायचं तर हीटर लावायचा. काचेवरचा बर्फ वितळावा म्हणून मागच्या काचेची तार गरम करायची. दिवे लागतात का तेही बघायचं. मग बंद करून पुढच्या गाडीत. झब्ब्यावर जाडं जॅकेट, डोक्याला माकडटोपी, हातात किल्ल्यांचा जुडगा. कुत्र्याला फिरवायला येणाऱ्या एका अमेरिकन शेजाऱ्याने चार दिवस पाहिलं आणि पाचव्या दिवशी आदराने विचारलं, की यातली एखादी विकायची आहे का.

मी रोज कॉम्प्लेक्सच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकायचो. गाडीचा डॅशबोर्ड, खाली ‘ठणठणीत’. तिकडून लग्नातले, मिसळीचे, मामेभावंडांचे फोटो यायचे, आणि खाली माझ्यासाठी हात जोडलेली चित्रं. काकू फोटोला उत्तर म्हणून फक्त पोपटाचं चित्र पाठवायच्या. मामांना कळलं असतं तर किती आनंद झाला असता, असं मला रोज वाटायचं. मामांशी फोनवर फारसं बोलणं होत नाही. दुकानामागे वर्षानुवर्षं जनरेटर धडधडत होता, त्याने त्यांचे कान नेले. म्हणून मी त्यांना पत्रं लिहितो. मोठ्या अक्षरात, सोप्या शब्दांत.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात थंडीची लाट आली. काकू शनिवारी उतरणार होत्या. मुलगा क्लीव्हलंडहून येऊन त्यांना विमानतळावरून घरी आणणार होता, आणि मग दोघं मिळून गाडी चालू करून बघणार होते. मंगळवारी सकाळी मी काकूंच्या किल्लीवरचं बटण दाबलं तर दार उघडलं नाही. किल्लीने उघडलं. आत बसून किल्ली फिरवली. टक, टक, टक, टक, आणि मग तेही नाही. डॅशबोर्ड काळा.

बाकीच्या चारी गाड्या चालू झाल्या, पण कण्हत. मी काकूंच्या गाडीत परत येऊन बसलो. पोपट माझ्याकडे बघत होता.

नागपूरच्या मित्राला हाक मारली. तो स्वेटरवर स्वेटर घालून, जंपर केबल खांद्यावर टाकून आला. “काहून टेन्शन घेतो बे. माझी गाडी बाजूला लावतो, केबल जोड, होऊन जाईल.” मी बॉनेट उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा मी बॅटरीसमोर उभा होतो आणि मागे हो म्हणणारं कोणी नव्हतं. तेव्हाच मला एक गोष्ट आठवली. ती दुकानातली नव्हती, पुस्तकातली होती. बॅटरी उतरते तेव्हा तिच्यातलं ॲसिड प्लेटांमध्ये शिरतं आणि मागे जवळजवळ पाणीच राहतं. चार्ज असलेली बॅटरी या थंडीत गोठत नाही. उतरलेली गोठते. आणि गोठलेल्या बॅटरीला करंट लावला तर ती फुटू शकते. मित्राने केबल जोडायच्या आधीच मी त्याचा हात धरला.

“मग आता?” त्याने विचारलं.

आता मामा. तिकडे संध्याकाळचे साडेसहा वाजले असतील. मी मामींच्या फोनवर व्हिडिओ कॉल लावला. मामा दुकानातच होते, मागे फळ्या दिसत होत्या. मी बोलायचं, मामींनी ते मामांच्या कानाशी मोठ्याने सांगायचं, मामांनी थेट मला उत्तर द्यायचं, अशी व्यवस्था झाली. सगळी हकीकत त्यांच्यापर्यंत पोचायला दोन मिनिटं लागली.

“रोज चालू करत होतास?” मामांनी विचारलं.

“रोज. एक दिवस चुकवला नाही.”

“किती वेळ?”

“पाच मिनिटं.”

“दिवे, पंखा?”

“दिवे, हीटर, मागच्या काचेची तार. सगळं लावून बघत होतो.”

मामांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. मग माझ्याकडे न बघता मामींना म्हणाले, “याला इंजिनियर कोणी केला?”

“तुम्हीच,” मामी म्हणाल्या.

नागपूरचा मित्र बॉनेटवर डोकं ठेवून हसत होता. मामांना तो दिसत नव्हता, हे एक बरं झालं. मग त्यांनी मला समजावून सांगितलं, शांतपणे, गिऱ्हाइकाला सांगतात तसं. गाडी चालू करताना स्टार्टर एकदम मोठा घास घेतो. तेवढं बॅटरीत परत जायला गाडी अर्धा-पाऊण तास रस्त्यावर पळायला लागते. पाच मिनिटांत काही परत येत नाही, आणि मी वर दिवे आणि हीटर लावत होतो. “रोज उठवलंस आणि रोज उपाशी झोपवलंस,” ते म्हणाले. “नुसती सोडवून ठेवली असतीस तरी जगली असती.”

बॅटरीची काळी तार काढून ठेवायला दोन मिनिटं लागली असती. तेवढं करून महिनाभर अंथरुणात झोपलो असतो तर सगळ्या गाड्या ठणठणीत राहिल्या असत्या. मी गेले पाच आठवडे पहाटे उठून, माकडटोपी घालून, नियमितपणे त्यांचा जीव काढत होतो.

मग मी त्यांना गोठण्याचं सांगितलं. मामांनी बर्फ पाहिलाय तो उसाच्या रसवंतीत, लाकडाच्या भुशात गुंडाळलेला. बॅटरीच्या पोटात बर्फ होऊ शकतो हे त्यांना खरं वाटेना. मी ॲसिड आणि पाण्याचं सांगितलं. मामी कानाशी सांगत गेल्या. मामांची मान हळूहळू हलायला लागली. उतरलेल्या बॅटरीचं पाणी हलकं होतं हे त्यांना ॲसिड मोजायच्या काचेच्या नळीवर रोज दिसत होतं, पण ते गोठेल असा प्रसंगच त्यांच्यावर कधी आला नव्हता. “म्हणजे पाणीच राहतं म्हणून,” ते स्वतःशी म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर एक नवी गोष्ट समजल्याचा आनंद होता. एवढ्या वर्षांत मी त्यांना काही सांगितलं असेल तर ते हेच.

“पोट फुगलंय का बघ,” त्यांनी सांगितलं. “बाजूला हात फिरव. चीर हाय का बघ.”

मी हात पुढे केला.

“थांब,” मामा म्हणाले. “आधी शर्ट बदल.”

त्या दिवशी मी ऑफिसचा शर्ट घालूनच खाली उतरलो होतो. मामांना तो जॅकेटच्या उघड्या चेनमधून दिसला असावा. मी घरात जाऊन जुना निळा शर्ट घालून आलो, तोवर मित्राने फोन धरला. मामा आणि तो काय बोलले मला माहीत नाही, पण मी आलो तेव्हा तो गंभीर होता आणि ‘हो मामा, हो मामा’ म्हणत होता.

पोट फुगलं नव्हतं. चीर नव्हती. आधी काळी तार, मग लाल, असं मामांनी माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. दहाचा पाना लावला. बोल्ट थंडीने चिकटला होता, टर्मिनलवर पांढरं पीठ साठलं होतं. ते सुटलं आणि मी बॅटरी उचलली. एवढी जड असते हे मला माहीत नव्हतं. मामा दिवसाला अशा तीस-चाळीस उचलायचे.

शेवटची सूचना आली: घरात ने, ऊब लागू दे, उद्यापर्यंत करंट लावू नको. मग हळू चार्जरवर दोन दिवस. वारा खेळेल अशा जागी ठेव, आणि फरशीवर नको, लाकडावर ठेव. फरशीचं खरं तर आता काही कारण उरलेलं नाही, हल्लीच्या बॅटरीला फरशीने काही होत नाही. पण त्या क्षणी मामांशी वाद घालायची माझी लायकी नव्हती.

वारा खेळेल अशी जागा म्हणजे बाथरूम, तिथे पंखा आहे. लाकूड म्हणजे काय, हा प्रश्न होता. आमच्या घरात लाकडाची वस्तू एकच, गणपती बसवतो तो पाट.

“गणपतीचा पाट आहे तो,” बायको म्हणाली.

“दसऱ्याला हत्यारांची पूजा करतोच की आपण.”

“दसऱ्याला. बाथरूममध्ये नाही.”

ती थोडा वेळ बॅटरीकडे बघत राहिली. मग तिला पोपट आठवला असावा, कारण तिनेच पाट आणला, वर जाडा पुठ्ठा घातला, आणि पंखा लावला. ते चार दिवस आम्ही दुसऱ्या बाथरूमवर भागवलं. शेजारणी हळदीकुंकवाला आल्या त्यांना तिने काय कारण सांगितलं ते मी विचारलं नाही.

बुधवारी संध्याकाळी बॅटरी हाताला घरच्या फरशीइतकीच कोमट लागली तेव्हा छोटा चार्जर लावला. दोन अँपियर, त्याच्यावर नाही. घाई करायची माझी फार इच्छा होती आणि दोनदा बटणापर्यंत हात गेला होता. गुरुवारी बाकीच्या चारी गाड्यांच्या काळ्या तारा सोडवल्या. शुक्रवारी संध्याकाळी चार्जरचा हिरवा दिवा लागला. मामांनी सांगितलं होतं, लगेच मोजू नको, तिला तासभर शांत बसू दे. तासाने मीटर लावला. बारा पूर्णांक सहा. मी बायकोला आकडा सांगितला. तिने विचारलं, चांगला आहे का. मी म्हणालो, चांगला आहे, पण या बॅटरीने काय काय सोसलंय ते आकड्यात दिसत नाही. उद्या किल्ली फिरवल्यावरच कळेल.

शनिवारी सकाळी बॅटरी बसवली. आधी लाल, मग काळी. किल्ली फिरवून बघायचा मोह मी टाळला. एका झटक्यात चालू झाली पाहिजे असं ठरलं होतं, आणि तो झटका काकूंचा होता.

दुपारी ते दोघं आले. काकू प्रवासाने थकल्या होत्या तरी सामान वर न नेता थेट गाडीकडे गेल्या. मुलगा मागे, हात खिशात. मी किल्ली दिली. काकूंनी पोपट मुठीत धरला, आत बसल्या, पट्टा लावला, आरसा नीट केला, पाय ब्रेकवर ठेवला. परीक्षेला बसल्यासारख्या. किल्ली फिरवली आणि गाडी चालू झाली. एकदम, उन्हाळ्यात होते तशी.

काकूंनी काच खाली करून मुलाकडे बघितलं.

मुलगा हसला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “इम्प्रेसिव्ह. म्हणजे एवढ्या थंडीत एकदाही प्रॉब्लेम आला नाही?”

मान हलवली असती तर संपलं असतं. नागपूरचा मित्र बाल्कनीतून बघत होता, तोही काही बोलला नसता. पण या माणसाला आपल्या आईबद्दल निर्णय घ्यायचा होता, आणि तो काकूंनी त्याला पुढे पाठवलेल्या माझ्या रोजच्या फोटोंवर विसंबून घेणार होता. ते फोटो खोटे नव्हते, पण खरेही नव्हते.

“आला,” मी म्हणालो. “मंगळवारी पूर्ण बंद पडली होती. पण गाडीमुळे नाही. मी पाडली.”

आणि सगळं सांगितलं. पाच मिनिटं, हीटर, मागच्या काचेची तार, मामा, पाट. सांगताना काकूंच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं. मुलाने ऐकता ऐकता बॉनेटवर हात ठेवला. गाडी चालूच होती.

“म्हणजे प्रॉब्लेम गाडीचा नव्हता,” तो सावकाश म्हणाला, “केअरटेकरचा होता.”

“मग केअरटेकर बदलू,” काकू आतून म्हणाल्या. “गाडी कशाला बदलायची?”

मुलाने मान खाली घातली. हसू लपवायला घातली की हरल्यामुळे, ते कळलं नाही. मग काकू म्हणाल्या की घरात दूध नाही, आणि पाऊण तास गाडी फिरवायला हवी असं याचे मामा म्हणतात, तर चल बस. तो आईच्या शेजारच्या सीटवर बसला. पट्टा शोधायला त्याला वेळ लागला. त्या गाडीत तो त्या बाजूला कधी बसलाच नव्हता. काकूंनी दोन्ही बाजूंना बघून, उगाचच इंडिकेटर देऊन, गाडी पार्किंगमधून बाहेर काढली.

दीड तासाने परत आल्या. दुधाबरोबर आमच्यासाठी केळी होती. गाडीचं काय ठरलं ते मी विचारलं नाही. मुलगा रात्रीच्या आत क्लीव्हलंडला पोचायचं म्हणून निघाला, आणि निघताना त्याने मला विचारलं की काळी तार सोडवायला कुठल्या मापाचा पाना लागतो.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी मामांना हे पत्र लिहिलं.

मामा, तुम्हाला आणि मामींना नमस्कार.

काकूंची गाडी चालू झाली. एका झटक्यात. आता ती गाडी विकायची नाही असं त्यांच्या मुलाने काल रात्री फोन करून आईला सांगितलं. काकूंनी तुमच्यासाठी नारळाच्या वड्या केल्यात. त्या इथून पाठवता येत नाहीत, म्हणून तुमच्या नावाने मीच खातो.

बाकी चार गाड्यांच्या बॅटऱ्या एकेक करून घरी आणतो आहे. आज दुसरी पाटावर आहे. खडू नव्हता, म्हणून कागदावर तारीख लिहून वर चिकटवली. गावाचं नाव काय लिहायचं कळेना. सगळ्या एकाच पार्किंगमधल्या. मग मालकाचं मूळ गाव लिहिलं. एक सातारा, एक ठाणे. पाटाजवळ गेलं की तुमची फळी आठवते.

पुढच्या थंडीत कोणाचीही गाडी मी रोज चालू करणार नाही. काळी तार काढून ठेवायची, नाहीतर बॅटरी आमच्याकडे मुक्कामाला. तसं सगळ्यांना सांगितलं. माझं चुकलं होतं हेही सांगितलं. कोणी रागावलं नाही. हसले मात्र फार. खालचा मित्र आता मला इंजिनियर म्हणत नाही, तुमचा भाचा म्हणतो.

मामा, मी इथे सगळ्यांना सांगत होतो की मी तुमच्याकडून शिकलो. ते खरं नव्हतं. मी नुसतं पाहिलं होतं. तुम्ही मला हात लावू दिला नाहीत, म्हणून मी पुस्तक वाचलं, म्हणून इथवर आलो. माझ्या वाटणीचं सगळं तुम्ही उचललंत. एक बॅटरी किती जड असते ते मला मंगळवारी कळलं. त्या पाच वर्षांत तुम्ही अशा किती उचलल्या असतील, त्याचा विचार मी कधी केला नव्हता. आता करतो.

बॅटरीत पाणी गोठतं की नाही ते तुम्हाला दाखवायचं आहे. आमच्याकडे एक बाद झालेली बॅटरी मिळाली तर बाहेर ठेवून फोटो पाठवतो. माझे कागद झाले की दसऱ्याला येईन. या वेळी मला मागे हो म्हणू नका. फळीवरच्या बॅटऱ्या उतरवायला मी हाताखाली उभा राहीन. माळाही मीच घालीन.

मामींना एक सांगा. तो निळा शर्ट काल धुतला. डाव्या बाहीला भोक पडलं आहे, तीळभर. घातला होता तेव्हा दिसलं नाही. त्या म्हणायच्या तसं धुण्यातच दिसलं.

तुमचा भाचा